जेरुसलेममध्ये किल्ली कुणाकडे?

जेरुसलेमला राहायला आल्यापासून घरच्या फोनवर एक प्रश्न ठरलेला: "तिथं भांडण नेमकं कशाचं आहे रे?" मी चर्चच्या दारापासून सुरुवात करतो.

येशूला जिथे क्रुसावर चढवलं आणि पुरलं असं मानतात, तिथलं 'पवित्र कबरीचं चर्च' जुन्या शहरात आहे. त्याची किल्ली मात्र मुसलमानांकडे. जूदेह घराणं ती सांभाळतं, नुसैबेह घराण्यातला माणूस दार उघडतो. वरचं कुलूप उंचावर असल्याने आतले साधू पहाटे दारातल्या झरोक्यातून शिडी बाहेर सरकवतात. आत हिस्सेदार सहा: ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्ट (म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती), इथिओपियन, सिरियन. कुणी कुठला दिवा लावायचा, कुठली पायरी झाडायची, हे सगळं १८५२च्या ऑटोमन फर्मानाने होतं तसंच गोठवलं. आपल्या वाड्यांतली भाऊबंदकी यापुढे काहीच नाही. २००२ साली छतावर एका कॉप्ट साधूने उन्हातली खुर्ची सावलीत घेतली. इथिओपियन साधूंना ते अतिक्रमण वाटलं, मारामारी झाली आणि अकरा जण इस्पितळात गेले.

हसू येतं खरं. पण इथे आज सरकलेली खुर्ची उद्या वहिवाट ठरते. खलिफा उमरला हे उमगलं होतं म्हणतात. सातव्या शतकात शहर ताब्यात आल्यावर त्याने या चर्चमध्ये नमाज पढायला नकार दिला. मी पढलो तर माझे लोक उद्या ही जागा मागतील, असं तो म्हणाल्याची कथा आहे.

इस्लामचा पहिला किब्ला, म्हणजे नमाज पढताना तोंड करायची दिशा, जेरुसलेमच होता, मक्का नंतर. पैगंबरांच्या मेराजशी, म्हणजे स्वर्गारोहणाशी, जोडलेल्या खडकावर खलिफा अब्द अल-मलिकने ६९१-९२ मध्ये घुमट उभारला. आतल्या लेखात येशू आणि मरियम दोघांचं नाव आदराने येतं, आणि देवाला पुत्र नसतो हेही बजावलेलं आहे. शेजारच्या चर्चला दिलेलं उत्तरच ते, असं मला वाटतं.

या घुमटाभोवतीचं आवारच ज्यूंचं सर्वांत पवित्र स्थान. १९६७पासून फाटकांवर इस्रायली पोलीस, आतला कारभार जॉर्डनच्या वक्फकडे, म्हणजे मुस्लिम धर्मादाय संस्थेकडे. २०१७मध्ये दोन पोलिसांच्या हत्येनंतर फाटकांवर मेटल डिटेक्टर बसले. मुसलमान आत गेलेच नाहीत, रस्त्यावर नमाज पढत राहिले. पंधरवड्याच्या आत डिटेक्टर निघाले. इतरांनी फक्त बघून जायचं, नमाज मुसलमानांनीच पढायची, असा इथला जुना रिवाज. अलीकडे काही ज्यू भाविक आत उघड प्रार्थना करू लागलेत, आणि सध्याचा तंटा त्याचाच आहे.