आमची वाटचाल : दहा ते वीस अंशांमधला धंदा

व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात आमची छोटी गाइड-सेवा आहे. दोन गाइड (मी आणि माझा भागीदार), रबरी तराफा, जुना पिकअप ट्रक, आणि बुकिंग, विमा, कर असं सगळं सांभाळणारी बायको. एवढाच पसारा. लोकांना आम्ही फ्लाय फिशिंगला नेतो. डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउट, खाली मोठ्या नदीत स्मॉलमाउथ बास. मंडळाच्या गणपतीत कुणी "सध्या कुठे आहात?" विचारलं आणि मी हे सांगितलं की समोरचा पुढच्या प्रश्नाआधी थोडा थांबतो. मग हळूच येतं, "नाही, पण कामधंदा काय?"

तर कामधंदा हाच. आलो होतो आयटीत, हर्नडनला. सांगलीकडचा असल्यामुळे कृष्णेच्या काठावर गांडूळ लावून गळ टाकलेला होता, पण फ्लाय फिशिंग हा प्रकार ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दाखवला, तोही पार्किंगच्या डांबरावर. साध्या गळात टाकायचं वजन गळाला किंवा शिशाला असतं. इथे गळाला वजनच नसतं. आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला तो नकली किडा असतो, त्यालाच फ्लाय म्हणतात. वजन असतं दोरीला, म्हणजे फेकायची ती दोरी, किडा नुसता तिच्यामागे जातो. हे हाताला कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला. ग्रीन कार्ड हातात आलं, त्याच सुमारास प्रोजेक्ट संपलं, आणि ज्याच्याकडून मी शिकत होतो त्या स्थानिक गाइडला कागदपत्रं सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. अशी ही भागीदारी.

कागदपत्रं किती असतात याची बाहेरच्याला कल्पना येत नाही. राष्ट्रीय उद्यानात पैसे घेऊन माणसं न्यायची तर उद्यानाचा व्यावसायिक परवाना वेगळा, राष्ट्रीय वनक्षेत्राचा वेगळा. दायित्व विमा. अपघात झाला तर दावा करणार नाही, असं ग्राहकाच्या सहीचं पत्र. शिवाय वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायचे छातीपर्यंतचे जलरोधक कपडे, सगळ्या मापांचे ठेवावे लागतात, आणि ते नेमके मार्चमध्येच गळतात. पहिली दोन वर्षं बायकोच्या पगारावर निघाली, हे लिहून ठेवायला हवं.

आमचा हंगाम म्हणजे वसंत ऋतू. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जे मिळतं त्यावर वर्ष चालतं, आणि ते मिळणं पाण्याच्या तापमानावर आहे. शहरातला ग्राहक पहाटे पाचला निघायला तयार असतो, मासेमारी म्हणजे पहाट असं डोक्यात बसलेलं असतं ना! मार्चमध्ये पहाटेचं पाणी बर्फासारखं असतं, मासा तळाला चिकटून पडलेला. आम्ही दहाला भेटतो, आरामात कॉफी पितो. पाणी ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सियसच्या आसपास आलं आणि दोनचार दिवस टिकलं की क्विल गॉर्डन नावाचे मेफ्लाय किडे निघू लागतात, तेही दुपारी. हा किडा कात टाकतो पाण्याखालीच, तळाजवळ, आणि पंख घेऊन वर येतो. म्हणून वर तरंगणारा किडा चालला नाही तर आम्ही बुडणारा लावतो. ग्राहकाला वाटतं आम्ही जादू केली.

हे चालतं रॅपिडन, रोझ, ह्यूजेस अशा ओढ्यांवर. ब्लू रिजच्या पूर्व उतारावरून उतरणारं थंड, स्वच्छ पाणी. रॅपिडनच्या उगमाजवळ राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी १९२९ मध्ये विश्रांतीसाठी तळ उभारला. जागेच्या अटी त्यांनीच घातल्या होत्या: वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत, डास नसतील इतक्या उंचीवर, आणि जवळ ट्राउटचा ओढा हवाच. जागा निवडणाऱ्याला नदी कळत होती, एवढं मी म्हणेन.

इथला मूळचा मासा ब्रूक ट्राउट. खरं तर हा 'चार' (char) नावाच्या माशांच्या गटातला, नाव मात्र ट्राउट पडलंय. रेनबो पश्चिम किनाऱ्याकडून आणला, ब्राउन युरोपातून. डोंगरातला ब्रूक ट्राउट जेमतेम वीतभर असतो. ओल्या तळव्यावर अर्धा क्षण धरला की दिसतं: पाठीवर पैठणीच्या पदरासारखी वेलबुट्टी, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं कडं, पोटाकडचे पर नारिंगी आणि त्यांच्या पुढच्या कडेला पांढरी रेघ. हात कोरडा असेल तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाला बळी पडतो. म्हणून ग्राहकाला आमचा पहिला धडा कास्टिंगचा, म्हणजे दोरी फेकण्याचा, नसतो. आधी हात ओले करा.

एप्रिल सरता सरता आम्ही खाली उतरतो. फ्रंट रॉयलला शेनान्डोआ नदीचे नॉर्थ फोर्क आणि साउथ फोर्क हे दोन फाटे एकत्र येतात. संगमाच्या वरच्या अंगाला नदीत खडकांच्या आडव्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या आडोशाला स्मॉलमाउथ दबा धरून असतो. हा इथला मूळचा नाही. पोटोमॅकच्या खोऱ्यात तो १८५४ मध्ये आला, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून, ओहायोच्या खोऱ्यातून डोंगर ओलांडून. हे ऐकून ॲशबर्नचे एक ग्राहक म्हणाले, "म्हणजे हाही स्पॉन्सरशिपवरच आला की!"

बाससाठी आम्ही बहुतेक वेळा क्लाउझर मिनो लावतो. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवरच्या बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात बनवलेली ही फ्लाय. धातूचे जड डोळे असे बांधलेले की आकड्याचं टोक वर राहतं, त्यामुळे खडकांत अडकत नाही. दिसायला काहीच नाही, पण बासला सोसवत नाही.

आता ज्या गोष्टीवरून आमच्याबद्दल बरंवाईट बोललं जातं ती. पाणी ६० फॅरनहाइटच्या आसपास आलं की स्मॉलमाउथचा नर उथळ पाण्यात शेपटीने वाळू-खडे झाडून खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर मात्र अंड्यांवर पर हलवत उभा राहतो, पिल्लं सुटी होईपर्यंत. त्या काळात जवळ येईल त्या प्रत्येक गोष्टीवर तो तुटून पडतो, म्हणजे पकडायला सगळ्यात सोपा. आणि तो जागेवरून हलला की टपून बसलेले सनफिश काही मिनिटांत अंडी फस्त करतात. सोडला तरी तो परत येईपर्यंत खळगा रिकामा. आम्ही खळग्यांवर फ्लाय टाकत नाही. मोठ्या माशाबरोबर फोटो हवा असणारा ग्राहक यावर नाराज होतो, दुसरीकडे जातो, आणि तिथे त्याला फोटो मिळतोही. हिशेबाच्या वहीत हे दिसतं. बायको त्यावर काही बोलत नाही, फक्त मे महिन्याचं पान उघडून समोर ठेवते.

माझा भागीदार यात ताठ आहे त्याला कारण आहे. २००४ आणि २००५च्या वसंतात या नद्यांत बास आणि रेडब्रेस्ट सनफिश अंगावर चट्टे पडून मेले. आधी नॉर्थ फोर्क, पुढच्या वर्षी साउथ फोर्क. मोठ्या माशांपैकी बहुसंख्य गेले. एकच एक कारण सापडलं नाही. खोरं कोंबड्या आणि टर्कींच्या शेतांचं, नदीत येणारं पाणी त्यांच्यातून येतं, माशांवर रोगजंतू आणि परजीवी दोन्ही आढळले. हे घडलं माझ्या आधी. तो तेव्हा गाइड होता, आणि त्या दोन वर्षांत त्याने घरं रंगवून पोट भरलं. त्यामुळे अंड्यांवर उभ्या असलेल्या नराबद्दल त्याच्याशी वाद घालू नये.

मराठी ग्राहक वाढले ते कोविडच्या उन्हाळ्यानंतर. बंद घरातून बाहेर पडायला लोकांना काहीही चालत होतं. कोकणातल्या आजी आल्या की विचारतातच, "सोडायचा? मग धरला कशाला?" साउथ फोर्कवर माझं उत्तर तयार असतं. वर वेन्सबरोच्या एका कारखान्यातून १९२९ ते १९५० या काळात पारा नदीत गेला, तो अजून तळात आहे, आणि तिथले मासे खाण्याबद्दल सरकारी इशारे आहेत. आजींना हे पटतं. "धरा आणि सोडा" हे कधी पटत नाही.

एकदा मात्र उलट झालं. मुलाकडे आलेले सोलापूरचे काका, गळ्यात तुळशीची माळ. मुलगा आणि नातू वेडर चढवून तयार, काका काठावरच. "जीवाला टोचायचं आणि वर सोडून पुण्य घ्यायचं, मला नाही जमायचं," म्हणाले. मी हे भागीदाराला सांगितलं. तो ट्रककडे गेला, पक्कड आणली, तरंगणाऱ्या एका फ्लायचा आकडा वळणाच्या अलीकडे कचकन तोडला आणि काठी काकांच्या हातात दिली. वरच्या डोहात तिसऱ्या-चौथ्या फेकीला ब्रूक ट्राउट वर आला, फ्लाय तोंडात घेतली, दोरी हलली, त्याने थुंकून टाकली. "घेतली! घेतली! सोडली!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की खालचा नातू घसरला. दुपारपर्यंत हेच चाललं. नातवाला त्या दिवशी एकही मिळाला नाही. आता आमच्या डबीत आकडा तोडलेल्या फ्लायचा एक कप्पा असतो, आणि तो मागणारे सगळे माळकरी नसतात.

जूनमध्ये ओढ्याचं पाणी ६८ फॅरनहाइटला, म्हणजे २० सेल्सियसला पोचलं की ट्राउट बंद. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, झगडून दमलेला मासा सोडल्यावर पोहत जातो आणि पुढे कुठेतरी मरतो. थर्मामीटर ग्राहकासमोरच पाण्यात घालतो, म्हणजे वाद होत नाही. तापमान त्याच्या वर असेल तर पैसे परत, किंवा खाली बासवर.

पुढच्या वसंताचं बुकिंग जानेवारीत सुरू होतं. मार्चचे शनिवार आधी भरतात. मराठीत बोलायचं असेल तर तसं कळवा, मी येईन. पाऊस होऊन नदी गढूळ झाली तर आदल्या रात्री आठनंतर फोन येईल, अनोळखी नंबर दिसला तरी उचला. शक्य असेल तर दोन तारखा राखून ठेवा. आणि जाड लोकरी मोजे आणा, सुती नकोत.