टीपॉय दीड फूट सरकला तेव्हा

गेल्या रविवारी झाडताना मी टीपॉय दीड फूट खिडकीकडे सरकवला आणि परत जागेवर ठेवायचा विसरले. दुपारी बाबांची नडगी त्याच्या कडेवर आपटली. खाली बसले, बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सांगायचं तरी होतंस गं."

बाबांना काचबिंदू आहे. नजर कडेकडून आत आत विझत गेली. हे सगळं ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात झालं, सात-आठ वर्षांत, आणि घरात कुणाला ते फारसं जाणवलंच नाही. दाराच्या कडीपासून मोरीपर्यंत ते न चाचपडता जायचे. जिन्याच्या १६ पायऱ्या, वरून पाचवी झिजलेली. खाली उतरून तलावपाळीला फेरी. फुलांचा वास आला की जांभळी नाका, घंटा ऐकू आली की कौपिनेश्वर, तोंडावर वारा लागला की तलाव.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "आंधळा मी आता झालो."

डोळे तर तेच होते. मग गेलं काय? आठवण गेली म्हणावं तर तीही सोबत आली होती. त्या १६ पायऱ्या त्यांना आजही पाठ आहेत, उतरायला जिना नाही. त्यांचं ते चालणं अर्धं त्यांच्यात होतं आणि अर्धं त्या झिजलेल्या पायरीत. बिल्डिंग पाडली तेव्हा बाबांचाच एक तुकडा पाडला गेला, असं मला खरोखर वाटतं.

ग्रेगरी बेट्सन या मानववंशशास्त्रज्ञाने अंध माणसाच्या काठीवरून हाच प्रश्न विचारला होता. हा माणूस सुरू कुठून होतो? काठीच्या टोकापासून, मुठीपासून, की मध्येच कुठेतरी? त्याचं म्हणणं, चालणं समजून घ्यायचं तर रस्ता, काठी आणि माणूस हे सगळं एकत्रच धरायला हवं. तोच माणूस जेवायला बसला की काठीचा संबंध संपतो.

हे मी रोज बघते. चालताना बाबा "इथे ओलं आहे", "इथला पेव्हर ब्लॉक उखडलाय" असं म्हणतात. "काठीला लागलं" असं कधीच नाही. एकदा रस्ता ओलांडताना एका भल्या माणसाने काठीचं पुढचं टोक धरून त्यांना ओढलं, तर डोळ्यात बोट गेल्यासारखे आक्रसले. (मदत करायची असेल तर आपलं कोपर त्यांना धरू द्यावं, त्यांना धरू नये.) आणि चहाच्या वेळी तीच काठी घडी करून ठेवलेली असते, मी ती उचलून खुंटीला लावते, त्यांना काहीच वाटत नाही.

१९९६ मध्ये जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं होतं. मेंदूतल्या ज्या पेशी हाताजवळ काही दिसलं की जाग्या व्हायच्या, त्या आता दाताळ्याच्या टोकाशी काही दिसलं तरी जाग्या होऊ लागल्या. दाताळं नुसतं हातात धरलं, तर मात्र नाही. म्हणजे हद्द कामाबरोबर पुढेमागे होते.

मग अख्खं ठाणंच बाबा म्हणायचं का? नाही. मी माझ्यापुरती खूण ठरवली आहे: जे न सांगता हलवलं की त्यांचं पाऊल चुकतं, तेवढं त्यांचं. टीपॉय त्यात येतो. भिंतीवरचं कॅलेंडर येत नाही. घोडबंदरचा रस्ता अजून यायचा आहे, तिथे ते माझं कोपर सोडत नाहीत.

टीपॉयच्या चारही पायांखाली मी आता फरशीवर खुणा केल्यात, कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवल्यात. नौपाड्यात नवी बिल्डिंग उभी राहील तेव्हा पत्ता तोच असेल, तो जिना नसेल. इथे लिफ्टपासून आमचं दार ११ पावलांवर आहे. बाबा ती पुटपुटत मोजायचे. काल आम्ही बोलत बोलत आलो, मोजायचं राहून गेलं, आणि त्यांचा हात सरळ कडीवर गेला.