सावलीशी शिवाशिवी

काल दुपारी चार घड्यांचा सौर चार्जर उन्हात उलगडला, त्याला फोन जोडला आणि शेजारी पुस्तक घेऊन बसलो. परंतु तासाभरात एकही पान उलटले नाही, कारण कठड्याची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर चढू पाहत होती आणि मी पॅनेल वीतवीतभर मागे ओढत होतो. सावली तळहाताएवढीच होती. पण पॅनेलमधले वीज बनवणारे सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्याने एकावर अंधार आला की बाकीच्यांचेही अवसान गळते.

लहानपणी हाच अंधार मी हौसेने पाडत असे. घरी बॅटरी नसलेला सौर कॅलक्युलेटर होता. त्याच्या माथ्यावरच्या काळसर पट्टीवर अंगठा ठेवला की आकडे फिकट होत होत नाहीसे होत आणि कोणाची तरी निम्मी झालेली बेरीजही त्यांच्यासोबत जाई. मोठ्यांचा हिशेब आपल्या अंगठ्याखाली आहे, याचे केवढे अप्रूप वाटे!

पाठीवर चिमुकले पॅनेल डकवलेल्या पॉवर बँकांवर मात्र माझा मुळीच विश्वास नाही. २०,००० एमएएचच्या बँकेत सुमारे ७४ वॉट-तास ऊर्जा मावते. दीड वॉटच्या पॅनेलने ती भरायची तर कडक उन्हाचे जवळपास ५० तास हवेत, तेही काहीच वाया गेले नाही तर. शिवाय त्यासाठी बॅटरीलाच उन्हात तापत पडावे लागते, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. पॅनेल तरी कुठे उन्हाचे निस्सीम भक्त असते? त्याला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. सेल तापले की त्यांची वीज घटते.

म्हणून मी पॅनेल तिरके उभे करून फोन त्याच्या पाठीमागे, त्याच्याच सावलीत ठेवतो. ज्या सावलीला दुपारभर हुसकावायचे, तिचाच एक तुकडा असा जपून ठेवावा लागतो. मध्येच ढग आला आणि चार्जिंग थांबले. ऊन परतले तरी फोन ढिम्म. वायर काढून पुन्हा खोचल्यावर त्याला जाग आली.

संध्याकाळी पाहिले, तर जेमतेम अर्धा फोन भरला होता. किती भरला हे पाहण्यासाठी मी त्याचा पडदा दुपारभर इतक्यांदा उजळला होता, की उरलेला अर्धा कुठे गेला हे सूर्याला विचारण्याची सोय राहिली नाही. उद्या पॅनेल कठड्यापासून आणखी दोन हात दूर मांडून पाहीन.