ठाय लय

कैलास-मानसरोवर यात्रेच्या वाटेवर, गुंजीच्या कॅम्पात दादाचा रक्तदाब तीन वेळा मोजला. रात्री, सकाळी आणि पुन्हा दुपारी जेवणानंतर तासभर पडून राहिल्यावर. तिन्ही वेळा वरचा आकडा १७० च्या खाली आला नाही. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबूजी, इथून पुढे मी तुम्हाला सोडू शकत नाही."

दादा काही बोलला नाही. मीच बोलत राहिले. दिल्लीच्या तपासणीत सगळं नीट होतं, ट्रेडमिलवरही तो शेवटपर्यंत पळाला होता, आजची झोप नीट झाली नसेल, उद्या परत बघा. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. गुंजी साडेदहा हजार फुटांवर. अजून सतरा हजारांचं लिपुलेख आणि त्यापुढे साडेअठरा हजारांची डोल्मा ला खिंड होती. त्यांचं बरोबरच होतं. पण ते मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

आम्ही फलटणचे. माउलींची पालखी मुक्कामाला आली की आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. दादा तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून दिंडीत पखवाज वाजवतो. मी दोनदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालले, दोन्ही वेळा त्याच्याच दिंडीत. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, माणसांचा ऊर भरून येतो, पण भजन थांबत नाही. पहिल्या वर्षी घाटाच्या अर्ध्यात माझा आवाज फुटेना, तेव्हा दादा मागे वळून म्हणाला होता, "चढाला भजन सोडायचं नाही. लय ठाय करायची." ठाय म्हणजे संथ.

२०१५ मध्ये अधिक आषाढ आला आणि आषाढी एकादशी लांबून २७ जुलैला गेली. म्हणजे कैलासची यात्रा करून, परत येऊन वारीही गाठता येणार होती. त्याच हिशेबाने आम्ही दोघांनी अर्ज केला. परराष्ट्र मंत्रालयाच्या सोडतीत दोघांचीही नावं एकाच तुकडीत निघाली, तेव्हा दादाने आधी देव्हाऱ्यापुढे पखवाज काढला आणि मग फोन करून नातेवाइकांना कळवलं.

त्या वेळी लिपुलेखचा रस्ता खऱ्या अर्थाने पायवाट होता. आता गाडी वरपर्यंत जाते. आमच्या वेळी धारचुलापासून नारायण आश्रमापर्यंत गाडी, आणि मग सिर्खा, गाला, बुधी, गुंजी अशी एकेका दिवसाची चाल. गालाहून खाली उतरताना ४४४४ पायऱ्या आहेत. गुडघे तिथेच बोलायला लागतात. खाली काली नदी इतक्या आवाजात वाहते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, पलीकडे नेपाळ. मालपाला आमचा साठ जणांचा घोळका आपोआप गप्प झाला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इथे रात्री डोंगर कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यात कैलासला निघालेली एक अख्खी तुकडी होती. दादाने तिथे उभं राहून हलक्या आवाजात एक अभंग म्हटला. आमच्याबरोबरचा पोर्टर, विशीतला मुलगा, टोपी काढून उभा राहिला.

बुधीनंतरचा छियालेखचा चढ दादा माझ्या पुढे चढला, हे मी मुद्दाम सांगते. वर गवताचं पठार होतं आणि त्यावर इतकी रानफुलं की पाय टाकताना वाईट वाटावं. तो तिथे बसून मला हाका मारत होता. त्याच्या अंगात ताकद नव्हती असं नाही.

गुंजीला दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला खाली पाठवणार आणि आम्हाला वर. फायबरच्या गोल झोपडीत आम्ही दोघं बसलो होतो. त्याने सॅकमधून फिरकीचा तांब्या काढला. त्यात त्याने पंढरपुराहून चंद्रभागेचं पाणी आणलं होतं. "हे मानसरोवरात घाल आणि तिथलं यात भरून आण." मग माझा तळहात उलटा करून त्यावर बोटांनी आठ मात्रा मोजून दाखवल्या. खूप सावकाश. "या लयीच्या वर जायचं नाही. कुणी पुढे गेलं तर जाऊ दे. दिंडीत शेवटच्या माणसाला पण पंढरपूर मिळतंच की."

मला रडू आवरेना. त्याने तांब्या माझ्या कपड्यांत नीट गुंडाळून ठेवला.

कालापानीला पासपोर्टवर शिक्का, नाभीढांगला मुक्काम. समोरचा ओम पर्वत ढगात होता. संध्याकाळी पाचेक मिनिटं ढग बाजूला झाले आणि काळ्या कातळावर बर्फाने रेखलेला ॐ उघडा पडला. सगळे कॅमेऱ्यांसाठी धावले. मी तिथेच उभी राहिले, कारण दाखवायला शेजारी दादा नव्हता.

लिपुलेखला रात्री अडीचला निघालो. उन्हं वर आली की बर्फ भुसभुशीत होतो आणि खिंडीत वारा सुटतो, म्हणून सकाळीच पलीकडे उतरायचं होतं. ढगांमागे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र होता, बॅटऱ्यांची लांब माळ वर सरकत होती. आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे, जवान आमच्या मागे-पुढे चालत होते आणि कुणी बसलं की हळूच म्हणत होते, "बैठना नहीं, खड़े होकर साँस लो." खिंडीत पोचलो तेव्हा फटफटलं होतं. पलीकडून आधीची तुकडी वर येत होती. त्यांचे ओठ फुटलेले, चेहरे उन्हाने काळे पडलेले. जाणारे वाकून परतणाऱ्यांच्या पाया पडायला लागले. वाखरीच्या तळावर अनोळखी माणसं एकमेकांच्या पायाशी वाकतात तसंच. एका बाईंनी मला मिठी मारली आणि कुठली, काय, काही न विचारता म्हणाल्या, "हो जाएगा." मग आम्ही तिबेटात उतरलो.

तकलाकोट, दार्चेन हे पटकन सांगते. घड्याळं अडीच तास पुढे करायची, कागदपत्रं, थांबणं, पुन्हा कागदपत्रं. डोकं दिवसभर ठणकायचं. कापराची पुरचुंडी गळ्यात, पाणी सतत पोटात.

परिक्रमा साधारण बावन्न किलोमीटरची, तीन दिवसांची. पहिल्या दिवशी यमद्वारापासून दिरापुक. इथे तिबेटी घोडेवाले आणि पोर्टर मिळतात. माझ्या वाट्याला एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी आली. तिला हिंदी येत नव्हतं, मला तिबेटी. तिने माझी सॅक घेतली, माझ्या बुटांची नाडी स्वतः वाकून घट्ट केली आणि चालू लागली. दिरापुकला कैलासाचं उत्तर अंग समोर येतं. भिंतीसारखं, सरळ, जवळ. मी त्याचं वर्णन करणार नाही. मला जमणार नाही आणि तिथे बसल्यावर करावंसंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोल्मा ला.

अंधारात निघालो. सुरुवातीचा चढ उभा आहे. मी पहिल्याच दहा मिनिटांत चूक केली. पुढे चालणाऱ्या दोघांच्या मागे राहायचं म्हणून पाय उचलले आणि एका दगडाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हे मी आधी वाचलं होतं. पण छाती भात्यासारखी हलते आहे आणि आत काहीच पोचत नाही, ही गोष्ट वाचून कळत नाही. मुलीने हातमोजा काढून माझी नखं टॉर्चने पाहिली. मग मागच्या घोड्याकडे बोट केलं.

घोड्यावरून जाणाऱ्यांना कमी लेखणारे लोक आमच्या तुकडीत होते. मला ते मुळीच पटलं नाही. दादाला घोड्यावरून का होईना पण पुढे येऊ दिलं असतं, तर मी त्या घोड्याचे पाय धुतले असते. मी नाही म्हटलं ते वेगळ्या कारणाने. मला ती लय पाहायची होती.

मी डोळे मिटले, त्याची बोटं तळहातावर आठवली आणि मोजायला लागले. चार मात्रांना चार पावलं, चार मात्रा जागेवर उभं राहून श्वास. जय जय राम कृष्ण हरी म्हणायला गेले तर आवाज बाहेर येईना. मनातल्या मनात म्हणायलाही दम लागतो, हे मला तिथे कळलं. मग जय जय गळून पडलं. उभी असताना 'राम' आत, पावलाला 'कृष्ण' बाहेर, पुढच्या पावलाला 'हरी'. लहानपणापासून हा मंत्र मी टाळांच्या गजरात म्हटलेला, शेकडो गळ्यांबरोबर. माझा एकटीचा आवाज त्यात कधी वेगळा ऐकू आलाच नव्हता. इथे टाळ नाही, वीणा नाही, पताका नाही, आणि आवाजही नाही. नुसता श्वास येत होता आणि जात होता आणि त्याच्यावर नाव बसलेलं होतं. दिंडीतल्यापेक्षा ते कमी होतं असं मला एका क्षणालाही वाटलं नाही.

उजाडलं तेव्हा शिवस्थळाशी होतो. दगडांवर माणसांनी सोडलेले कपडे, टोप्या, केसांच्या बटा. जुनं आयुष्य इथे टाकून पुढे जायचं, अशी श्रद्धा. मला टाकावंसं काही वाटलं नाही. मी नुसती टेकले आणि पाणी प्यायले.

तिथून शेवटचा चढ. माझी चार पावलं आता दोन झाली होती, थांबणं सहा मात्रांचं. दोन पावलं, सहा मात्रा. याच चढावर एक तिबेटी म्हातारी साष्टांग दंडवत घालत वर चालली होती. अंगावर चामड्याचं ॲप्रन, हातांत लाकडी फळ्या. पूर्ण आडवी व्हायची, हात पुढे टेकवायची, उठायची, हात टेकले होते तिथपर्यंत चालायची, पुन्हा आडवी. पंढरपुरात लोटांगण घालत जाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण सपाटीवर. ही साडेअठरा हजार फुटांच्या चढावर होती. तिबेटी पंचांगात घोड्याचं वर्ष बारा वर्षांनी येतं, त्या वर्षीची एक परिक्रमा तेरा परिक्रमांच्या तोलाची मानतात. ते वर्ष आदल्याच साली, २०१४ मध्ये, होऊन गेलं होतं. म्हणजे ही त्या हिशेबासाठी आलेली नव्हती.

गंमत अशी की माझी आणि तिची गती एकच झाली. ती आडवी व्हायची तेव्हा मी थांबलेली असायचे. ती उठून चालायची तेव्हा माझी दोन पावलं पडायची. अर्धा-पाऊण तास आम्ही दोघी अशाच वर गेलो. एकदा ती उठून बसली, माझ्याकडे पाहून हसली, पुढचे दोन दात नव्हते, आणि खिशातून वाळलेल्या चीजचा दगडासारखा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात धरला. खिंड उतरून झाली तरी तो विरघळला नव्हता.

खिंडीत एक मोठी शिळा आहे. तिच्यावर आणि भोवती रंगीत पताकांचे थरावर थर. मी तिथे डोकं टेकवलं. किती वेळ थांबले ते आठवत नाही. फार नसावं, तिथे थांबू देत नाहीत आणि थांबूही नये. मुलीने माझा दंड धरला आणि चल अशी खूण केली. म्हातारी अजून वीसेक हात खाली होती. मी तिच्या दिशेने हात जोडले. ती आडवी होत होती, तिला दिसलं नसेल.

पलीकडे लगेच खाली गौरीकुंड दिसतं, तेव्हा निम्मं गोठलेलं होतं. त्यापुढचा उतार मोठमोठ्या दगडांचा, तिथे घोड्यावर बसू देत नाहीत, सगळ्यांनाच पायी उतरावं लागतं. नंतर नदीकाठाने झुथुलपुकपर्यंतची सपाट वाट संपता संपत नाही. त्या वाटेवर मी रडले. दमून रडले की कशाने, सांगता येत नाही.

मानसरोवराच्या काठी, कुगूला, सकाळी वारा पडलेला असताना तांब्याची फिरकी उघडली. चंद्रभागेचं पाणी हळूहळू ओतलं. पाणी पाण्यात गेलं, वेगळं काही दिसलं नाही. मग तांब्या विसळून भरून घेतला.

घरी पोचले तेव्हा पालखी फलटणला यायला चार दिवस होते. दादा गोळ्या सुरू करून ओसरीवर बसला होता. या वर्षी चालायचं नाही, मुक्कामाच्या रात्री फक्त वाजवायचं, असं घरच्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलेलं. पखवाजाला कणीक लावत होता. त्याने हात पुसून तांब्या घेतला, कपाळाला लावला, तुळशीपाशी ठेवून आला. कैलास कसा दिसतो, थंडी किती, खायला काय, यातलं काही विचारलं नाही.

"वरच्या चढाला लय कुठली धरलीस?"

मी त्याच्या गुडघ्यावर वाजवून दाखवलं. आधी चार आणि चार. मग शेवटच्या चढाचं, दोन आणि सहा. सहा मात्रांच्या मोकळ्या जागेत तो कान देऊन बसला होता. मी थांबले तेव्हा त्याने पखवाज मांडीशी ओढला.

"इतकी ठाय मी कधी वाजवली नाही," तो म्हणाला. "परत दाखव."