मार नक्की कधी लागला?

प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूवर आघात होतो तो क्षण सेकंदासकट ठाऊक असतो. भूल दिलेला विस्टार जातीचा नर, डोकं चौकटीत घट्ट बसवलेलं, कवटीला पाडलेली लहानशी खिडकी आणि ठरलेल्या वेगाने ठरलेले मिलिमीटर आत जाणारा दट्ट्या. लगेच घड्याळ लावायचं, तासाभरात औषध टोचायचं. पीएच.डी.ची सगळी वर्षं माझं हेच काम होतं. औषध होतं प्रोजेस्टेरॉन, बायकांच्या शरीरातलं एक संप्रेरक. मेंदूला इजा झाल्यावर माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरतात, असं अमेरिकेत डोनाल्ड स्टाइन यांना दिसलं होतं, त्यातून हा शोध सुरू झाला. उंदरांच्या मेंदूची सूज उतरायची. मग 2014 मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत 882 रुग्ण होते, दुसरीत 1195. फायदा काहीच नाही.

आता मी एका सरकारी रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवते. जूनमधली रविवारची रात्र होती, पाऊस धो धो. पावणेअकराला 108 आली. चाळिशीतला माणूस, दुचाकी घसरलेली, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून रेफर. जीसीएस, म्हणजे शुद्धीचा 15 पैकी गुण, 11; मध्यम इजा. बाहुल्या दोन्हीकडे सारख्या, उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या. तोंडाला दारूचा वास नव्हता, पण मधुमेह होता आणि खिशात ॲस्पिरिनची पट्टी. असा उंदीर आम्ही प्रयोगात कधी घेतलाच नसता.

रेफरच्या चिठ्ठीवर सगळं होतं, फक्त मार कधी लागला ते नव्हतं. तो रकानाच छापलेला नाही. मेहुण्याला विचारलं.

"टायमिंग नाय सांगता येत मॅडम. अंधार पडला होता."

बायको कोपऱ्यात ओल्या पदराने उभी होती. तिने मोबाइल पुढे केला. सात अठराला तिने नवऱ्याला फोन केला होता, तो पंपावर पेट्रोल भरत होता, धड बोलला होता. सात बत्तीसला त्याच्याच नंबरवरून कुणा अनोळखी माणसाचा फोन आलेला. म्हणजे चौदा मिनिटांच्या आत. कॅज्युअल्टीत इतकी नेमकी वेळ मला क्वचितच मिळते.

वेळेची ही घासाघीस ट्रानेक्झॅमिक ॲसिडसाठी, म्हणजे टीएक्सएसाठी. साठच्या दशकात जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेलं हे स्वस्त औषध झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. मेंदूतला रक्तस्राव पहिल्या काही तासांतच पसरतो, म्हणून ते लवकर पडावं लागतं. 2019 च्या क्रॅश-3 चाचणीत 12,737 रुग्ण होते. सगळे मिळून पाहिले तर निकाल गुळमुळीतच होता. पण 3 तासांच्या आत डोस मिळालेल्या सौम्य-मध्यम इजेच्या रुग्णांत डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू 7.5 वरून 5.8 टक्क्यांवर आले. गंभीर इजेत फरक दिसला नाही.

बोटांवर हिशेब केला. साडेदहालाच 3 तास उलटून गेले होते. आमच्या हातून ही वेळ गेलेली होती.

तेवढ्यात रजिस्ट्रार डॉक्टरने चिठ्ठी उलटी केली. मागे बॉलपेनने लिहिलं होतं: टीएक्सए 1 ग्रॅम आयव्ही, 8.40. मेहुण्याने हातात उंच धरलेल्या सलाईनमध्ये पुढचा ग्रॅम चालू होता, बाटलीवर चिकटपट्टी लावून तसं लिहिलेलंही होतं.

मी तिथल्या मेडिकल ऑफिसरना फोन लावला. आवाज तरुण होता, झोपेतला नव्हता.

"लेबर रूममधून काढलं मॅडम. पीपीएचच्या ट्रेमध्ये असतंच ना."

बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी ठेवलेलं औषध. त्याला फ्रिज लागत नाही, परवानगीची फाइल लागत नाही आणि त्या डॉक्टर मुलाने क्रॅश-3 बद्दल कुठेतरी वाचलं होतं. आमचं प्रोजेस्टेरॉन यशस्वी ठरलं असतं तरी दिवसचे दिवस पंपावर चालणारं ते इन्फ्युजन त्या तालुक्यात कोण लावणार होतं, हे मला पहिल्यांदाच सुचलं. प्रोजेस्टेरॉन का फसलं याला वेळ हे एकच कारण नव्हे, हेही खरं.

सीटीत डाव्या टेम्पोरल भागात, म्हणजे कानशिलामागच्या मेंदूत, कन्ट्युजन (मुका मार) आणि पातळ सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त) होतं. सकाळच्या सीटीत ते किंचित वाढलेलं, शस्त्रक्रिया लागली नाही. मी उत्साहाने सरांकडे गेले.

"यातून काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले. "डोस न दिलेला याचा जुळा भाऊ दाखव, मग बोलू."

बरोबरच होतं. वॉर्डात बरे झालेल्या एका पेशंटवरून औषधाचे गोडवे गाणारे कमी नाहीत आणि स्टेरॉइडचंही तसंच झालं होतं. अनेक वर्षं देत राहिलो, आणि 2004 च्या क्रॅश चाचणीत ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले.

दुचाकीवरून पडलेला तो पेशंट चालत घरी गेला. फॉलोअपला बायको एकटीच आत आली, दार लोटून घेतलं.

"मॅडम, चालतात, जेवतात, सगळं करतात. पण पोरांवर धावून जातात. आधी असे नव्हते. याला काय औषध?"

उंदरांना आम्ही पाण्याच्या हौदात पोहायला लावायचो, फिरत्या दांड्यावर तोल तपासायचो. चिडचिड कधी मोजलीच नव्हती. मी तिला मानसोपचार ओपीडीचा वार सांगितला आणि नवऱ्यालाही घेऊन या म्हटलं.