काटा कुठला, ‘ला’ कुठला

लिंबाचा काटा, बोरीचा काटा, गुलाबाचा काटा. तिन्ही टोचतात आणि तिन्हींना आपण काटाच म्हणतो, पण झाडाच्या दृष्टीने हे तीन वेगळे अवयव आहेत. ‘घराला’, ‘गेला’ आणि ‘घरातला’ यांतल्या ‘ला’चंही तसंच. कानाला एकच, कूळ मात्र तीन. हे कूळ शोधणं म्हणजे रूपविज्ञान. झाड असो की भाषा, शोधायची रीत जवळपास सारखीच आहे. भाग दिसतो कसा हे नंतर, तो बसलाय कुठे हे आधी.

आधी झाड घेऊ. ४-५ पेरांची कोवळी फांदी, एक ब्लेड आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढं पुरे. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो, त्याच्या वरच्या बेचक्यात डोळा असतो. पुढची फांदी फुटते ती यातून. लिंबाचा काटा याच बेचक्यात, डोळ्याला खेटून निघतो, म्हणून तो फांदीचं रूपांतर. काट्यासकट खोडाचा उभा काप घेतला तर काट्यातला लाकडी धागा थेट खोडात गेलेला दिसतो. बोरीचे काटे बेचक्यात नसतात. ते देठाच्या बुडाशी दोन बाजूंना असतात, बहुतेकदा एक सरळ आणि एक आकडेदार. ती जागा उपपर्णांची, म्हणजे देठाच्या बुडाशी जोडीने येणाऱ्या छोट्या पानासारख्या अंगांची, म्हणून हे काटे म्हणजे उपपर्णं. बाभळीचे जोडकाटेही तेच. गुलाबाच्या काट्याला पेराशी काही देणंघेणं नसतं, तो खोडावर कुठेही येतो. अंगठ्याने बाजूला रेटा, सालीवर स्वच्छ वण ठेवून तो निघून येतो, कारण तो सालीचाच उंचवटा आहे, आत खोडापर्यंत काही गेलेलं नसतं.

चूक होते ती जून फांदीवर. पान गळलेलं असतं आणि काटा एकटाच उभा दिसतो. मग काट्याच्या खाली पान गळल्याचा वण शोधायचा. दुसरी नेहमीची चूक शेवग्यावर होते. जे इवलंसं गोल ‘पान’ आपण भाजीसाठी ओरबाडतो, त्याच्या बुडाशी डोळा नसतो. डोळा सापडतो तो हातभर लांब काडीच्या बुडाशी. म्हणजे ती अख्खी काडी, तिच्या सगळ्या पर्णिकांसकट (ही इवलीशी गोल ‘पानं’ म्हणजे पर्णिका), मिळून एक पान.

रूपविज्ञानाचा ‘मॉर्फोलॉजी’ हा शब्द जर्मन कवी गटेने १७९०च्या दशकात सजीवांच्या रूपाच्या अभ्यासासाठी वापरायला घेतला. १८५९ साली जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायखरने तो भाषेकडे आणला. भाषांना तो सजीवच मानत असे. ते मत आज कोणी धरत नाही, पण शब्द टिकला आणि रीतही.

आता ‘ला’. डोळ्याऐवजी इथे डावीकडे काय आहे ते बघायचं. ‘घराला’मध्ये डावीकडे ‘घरा-’ हे सामान्यरूप आहे, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी ‘घर’चं होणारं बदललेलं रूप. ‘ला’ काढून ‘ने’ लावा, ‘घराने’ होतं. ‘चुलीला’चं ‘चुलीने’ होतं. म्हणजे हा विभक्तिप्रत्यय. ‘गेला’वर हा प्रयोग करा, ‘गेने’ असं काही होत नाही. उलट लिंग किंवा वचन बदललं की ‘गेली, गेले’ होतं, म्हणून हा भूतकाळाचा ‘ल’, पुढचा ‘आ’ लिंगवचनाचा. ‘घरातला’ही ‘घरातली, घरातले’ असा बदलतो, पण त्याच्या डावीकडे क्रियापदाचा धातू नाही, सप्तमीचा ‘त’ आहे. हा विशेषण घडवणारा ‘ल’. आणि ‘तबला’? ‘ला’ काढला तर ‘तब’ उरतं, ज्याला मराठीत काही अर्थ नाही. तिथे ‘ला’ हा प्रत्ययच नाही, शब्दाचं अंग आहे. संगणकावर नुसता ‘ला’ने संपणारा शब्द शोधून प्रत्यय मोजणाऱ्यांची गफलत इथे होते.

दोन ‘ल’ एकाच शब्दात बघायचे तर ‘घरातल्याला’ घ्या. पहिला विशेषणाचा, दुसरा विभक्तीचा. ‘घरातल्यांनाच’ अजून लांब: घर, सामान्यरूपाचा आ, त, ल, पुन्हा सामान्यरूप ‘यां’, ना, च. त्यातला अनुस्वार अनेकवचनाचा. हा क्रम हलत नाही. ‘घरातच’ चालतं, पण ‘च’ लागला की मागून ‘ला’ किंवा ‘ना’ जोडता येत नाही. दोन्ही ठिकाणच्या सामान्यरूपाला स्वतःचा अर्थ नाही, पुढच्या प्रत्ययाला बसायला ते फक्त पेर तयार करून देतं. शाळेच्या व्याकरणात ते एका ओळीत उरकलं जातं याचं वाईट वाटतं, कारण मराठी शब्दाचा सांधा तोच आहे.

ही रीत अडते तीही दोन्हीकडे. ‘मला’, ‘तुला’ यांत ‘ने’ची कसोटी लागत नाही. फड्या निवडुंगावर काट्याशेजारी पानच दिसत नाही. अशा वेळी वेगळी अवस्था शोधायची. निवडुंगाच्या नव्या, बोटभर फड्यावर बारीक शंकूसारखी मांसल पानं असतात आणि काट्यांचे झुबके त्यांच्याच बेचक्यात बसलेले दिसतात. थोड्या दिवसांत ती पानं गळतात. ‘मला’साठी जुनी रूपं काढा: मजला, तुजला, मजसाठी, तुजवर. ‘मज-’, ‘तुज-’ ही सामान्यरूपं तिथे उघडी दिसतात.