दिवे गेले की मी मोजते

जुलैतली दुपार. बाहेर एवढं भरून आलेलं की तीन वाजताच दिवेलागणीची वेळ वाटत होती. कल्याण स्लो, लेडीज डबा आणि चक्क खिडकी. दुपारच्या गाडीत अशी चैन मिळते. कानातली विकणाऱ्या बाईने तिची पुठ्ठ्यांची माळ वरच्या रॅकला अडकवली होती, आणि मी एक जोड हातात घेऊन तो हिरवा की मोरपंखी याचा निकाल लावत होते. तेवढ्यात लाइट गेली.

म्हणजे डब्यातले अर्धे दिवे गेले, पंख्यांचा आवाज खाली खाली उतरत गेला. इतका वेळ पायाखाली जे काही गुणगुणत होतं, तेही गप्प झालं. गाडी मात्र चाललेलीच. कुणी मान वर केली नाही. समोरच्या बाकावरची एक मुलगी, बहुधा शहरात नवीन, तेवढी दचकून पंख्याकडे बघायला लागली. तिच्या शेजारच्या आजी फोनमधून नजर न काढता म्हणाल्या, "येते आत्ता."

कानातलीवाली गप्प उभी राहिली. अंधारात गिऱ्हाइकाला घाई करायची नाही, हे तिला धंद्याने शिकवलं असणार. मी मोजत होते. नऊला दिवे आले.

ही माझी जुनी खोड. काही जण जिन्याच्या पायऱ्या मोजतात, काहींना समोरच्या गाडीच्या नंबराची बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही, तसं हे. सुरुवात झाली ती पारसिकच्या बोगद्यात. लहानपणी फास्ट गाडी ठाण्याच्या पुढे बोगद्यात शिरली की सगळा डबा ओरडायचा. मी ओरडायचे नाही, मोजायचे. आकडा कधी साठ यायचा, कधी ऐंशी. एकदा गाडी आतच थांबली, तेव्हा चारशेनंतर कंटाळून सोडून दिलं. त्या आकड्यांचं मी पुढे काय केलं? काही नाही.

ही लाइट का जाते ते मला फार पूर्वीच कळलंय, कारण आमच्या चाळीत, डोंबिवलीला, शेजारचे काका रेल्वेत 'ओव्हरहेड'ला होते. आजीला वाटायचं, हेडक्लार्कच्या वरची काहीतरी पोस्ट असणार. तिने दोन ठिकाणी तसं सांगूनही टाकलं होतं. प्रत्यक्षात काका रात्री जेवून, पिशवी घेऊन, आम्ही झोपताना कामावर निघायचे. शेवटची लोकल गेली की पहाटेची पहिली सुटेपर्यंत दोन-तीन तासांची फट मिळते. तेवढ्यात रुळांवरच्या तारेतली वीज बंद करून घ्यायची, टॉवर वॅगनच्या टपावर चढायचं, ताण बघायचा, झिजलेलं बदलायचं आणि उजाडायच्या आत खाली उतरायचं. सकाळी सात-तेराला लोंबकळणाऱ्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. कळायचं ते ज्या दिवशी काम बिघडायचं त्या दिवशी. मग 'ओव्हरहेड वायर तुटल्याने मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत', आणि चाळीतले सगळे संध्याकाळी काकांकडे असं बघायचे जणू ती त्यांनीच दातांनी तोडली.

तार सरळ नसते, हे मला काकांनी फलाटावर उभं करून दाखवलं. खालून बघा, अगदी रुळांच्या मधोमध सरळसोट गेल्यासारखी वाटते. नीट बघितलं तर एका खांबाला वीतभर डावीकडे, पुढच्या खांबाला वीतभर उजवीकडे, अशी नागमोडी जाते. "का?" त्यांनीच विचारलं आणि माझ्या शाळेच्या पट्टीवरून पेन्सिल एकाच जागी घासून दाखवली. तिथे खाच पडेल. पेंटाग्राफच्या, म्हणजे गाडीच्या टपावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या, पट्टीचंही तसंच. तार सरळ असती तर एकाच जागी घासून पट्टीचे दोन तुकडे झाले असते. म्हणून तार डावी-उजवीकडे सरकत राहते आणि पट्टी सगळीकडून सारखी झिजते. माझी पट्टी मात्र कायमची खराब झाली.

काकांचं सगळं आयुष्य डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, गेलं. 1500 व्होल्ट. तो आकडा ते घरच्या फोन नंबरासारखा म्हणायचे. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटीहून कुर्ल्याला हार्बरवरून पहिली विजेची गाडी गेली, देशातली पहिली. ती या 1500 वरच धावली. वीज लागणार म्हणून रेल्वेने ठाकुर्लीला चोळ्याचं पॉवर हाउस बांधलं. काका त्याला 'आपली चूल' म्हणायचे. गाडी ठाकुर्लीला आली की खिडकीतून त्याच्याकडे बोट दाखवून, "या चुलीवर गाड्या शिजायच्या." पुढे ते बंद पडलं, तरी काकांचं बोट दाखवणं काही बंद पडलं नाही.

डीसीच्या गाड्यांना चेहरा होता, असं मला अजूनही वाटतं. (वय झालं की सगळ्यालाच चेहरा होता असं वाटतं, हे मान्य.) बाकाखालून कॉम्प्रेसर अचानक धडधडायला लागायचा आणि मांडीवरचा डबा थरथरायचा. काळ्या जाळीतले पंखे आपणहून सुरू होण्याच्या विरुद्ध असायचे. मग एखाद्या काकू केसातला किंवा पर्समधला कंगवा काढून, बाकावर चढून, जाळीतून पातं ढकलायच्या. दोनदा ढकललं की पंख्याची लाज चेपायची आणि तो फिरायला लागायचा. तो कंगवा परत केसात जायचा. त्यावर कुणाला काही वाटायचं नाही.

डीसीचं राज्य इगतपुरीला संपायचं. हे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी ठाऊक होतं, कारण आजोळ नाशिकला. कसाऱ्याला घाटासाठी मागून बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागायचे, ढकलत ढकलत गाडी वर आणायचे आणि इगतपुरीला इंजिनच बदलायचं. मुंबईकडचं डीसीचं सुटायचं आणि पुढचं एसीचं, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं, 25 हजार व्होल्टवालं, लागायचं. त्यात बराच वेळ जायचा. बाबा हातात फिरकीचा तांब्या घेऊन उतरायचे, आणि ते उतरले की आईचा चेहरा घट्ट व्हायचा. ते हमखास पाण्याच्या नळाऐवजी वड्याच्या गाड्याकडे जायचे, आणि तिथून हमखास इंजिन बघायला. इंजिन जोडताना डब्यांतून एक धक्का मागपर्यंत पळत यायचा. तो धक्का बसला आणि बाबा अजून वर आलेले नसले की आई मला उभं करून खिडकीतून ओरडायला सांगायची. मला वाटायचं, मुंबईची वीज इथे संपली आणि इथून पुढे मामाची वीज सुरू झाली. मामाकडच्या बल्बचा उजेड मला जास्त पिवळा वाटायचा. ते मी वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी मला बसायला सांगितलं.

तर लाइट का जाते. एसीत दोन सबस्टेशनांची वीज एकमेकींच्या पावलात पाऊल टाकून चालत नाही. त्यांची तार थेट जोडली तर भडका. म्हणून दोघींच्या मधे काही मीटरचा तुकडा मुद्दाम बिनविजेचा ठेवतात. शेतांच्या मधला बांधच म्हणा ना, फक्त यावरून कुणी कोर्टात जात नाही. मोटरमनला आधी पाचशे मीटरवर पाटी दिसते, मग अडीचशेवर, की बांध येतोय. तो ब्रेकर उघडतो, म्हणजे गाडीची वीज तोडतो, आणि गाडी आहे त्या वेगावर घरंगळत पलीकडे जाते. बारा डबे, दोन-तीन हजार माणसं, सगळं नुसतं घरंगळतं. आणि गाडी नेमकी त्या तुकड्यातच थांबली तर? मग ती तिथेच. वर तार आहे, तारेत काही नाही. मागून किंवा पुढून दुसऱ्या इंजिनाने हलवायचं. काकांना हा प्रकार फार आवडायचा. एखाद्याची फजिती सांगावी तसं सांगायचे.

डीसीला पावलं जुळवायची भानगड नाही, त्यामुळे बांधही नाहीत. पण 1500 चा दाब कमी, मग तेवढीच ताकद द्यायला प्रवाह प्रचंड लागणार, तारा जाड लागणार आणि चार-पाच किलोमीटरवर सबस्टेशन लागणार. 25 हजारांत तार बारीक, सबस्टेशनं लांब लांब. सगळ्या देशाने 1957 पासून 25 हजारांचा रस्ता धरला. मुंबई मात्र गाड्या बंद करता येत नाहीत म्हणून तुकड्या-तुकड्याने, रविवारच्या मेगाब्लॉकांतून बदलत राहिली. त्या वर्षांत एसी आणि डीसीची हद्द जिथे असेल तिथे लाइट जायची. मी ऑफिसला जाता-येता मोजायचे, आणि काही महिन्यांनी हद्दच पुढे सरकायची. पश्चिम रेल्वे 2012 मध्ये मोकळी झाली, आमची मेन लाइन जून 2015 मध्ये. सगळ्यात शेवटी हार्बर, एप्रिल 2016. जिथे सुरुवात झाली तिथेच 91 वर्षांनी शेवटची डीसी लोकल रात्री धावली. लोक तिच्याबरोबर फोटो काढायला गेले होते. मी झोपले होते. सकाळी पेपरात वाचलं आणि स्वतःवर चिडले, आणि चिडून त्याच लाइनने वाशीला गेले. गाडीत काही फरक कळला नाही.

काका तोवर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. 25 हजारांवर त्यांचा विश्वास बसला नाही. "आमच्या तारेला हात लावायला लागायचा," ते म्हणायचे. "हिला तेवढंही लागत नाही. जवळ गेलं तरी पुरे." दोन मीटरच्या आत यायचं नाही, असा नियमच आहे. टपावर बसून जाणाऱ्या पोरांना त्यांच्या खिडकीतून ते शिव्या द्यायचे. ऐकू जाणं शक्य नव्हतं.

घरातल्या विजेबद्दलही त्यांचं असंच. साधा बल्ब बदलायचा तरी मेन बंद करणार, चिनी मातीचा फ्यूज उपसून काढणार आणि तो शर्टाच्या खिशात टाकणार. शेल्फवर नाही, काकूंच्या हातात नाही, खिशात. "मी तारेला लागलेलो असताना कुणी शहाण्याने लाइट लावायला नको." एकदा मे महिन्यात ते होल्डर बदलत होते आणि त्यांच्या गँगमधला खलाशी, म्हणजे रेल्वेतला मदतनीस, धावत आला. कुठेतरी तार खाली आली होती. हा खलाशी आम्हां मुलांचा लाडका. गणपतीत आरतीला यायचा आणि अशा झांजा वाजवायचा की शेजारच्या चाळीतले लोक बघायला यायचे. आम्ही त्याला झांजदादाच म्हणायचो. काका तसेच चपला घालून त्याच्याबरोबर गेले. फ्यूजही गेला. काकूंनी ती रात्र गॅलरीत वर्तमानपत्राने वारा घेत काढली आणि काकांच्या सात पिढ्यांचा हिशेब मांडला. सकाळी पहिल्या लोकलने झांजदादा आला, फ्यूज रुमालात गुंडाळून, मूर्तीसारखा दोन्ही हातांत धरून. काकांसाठी साठवलेलं सगळं काकूंनी त्याला ऐकवलं आणि वर दोन वेळा उपमा वाढला.

परवा घरी आल्यावर कानातले ट्यूबखाली धरले. ना हिरवे, ना मोरपंखी. निळे. मुलगी म्हणाली काळे आहेत. असोत.

रात्री भांडी घासताना काकांची काठी आठवली. म्हणजे केरसुणीचा दांडा. तारेतली वीज बंद झाल्याचा निरोप आला तरी ती मेली असं धरायचं नसतं. काम करायचं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब काठी लावायची. टोकाला आकडा, तो तारेला. खालून निघालेल्या वायरीचा चिमटा रुळाला. म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. यात क्रम महत्त्वाचा. आधी रूळ, मग तार. काढताना उलट, आधी तार, मग रूळ. काकांनी मला गॅलरीत केरसुणीचा दांडा आणि कपडे वाळत घालायची दोरी घेऊन हे करून दाखवलं. मीही करून बघितलं, चार-पाच वेळा. आधी रूळ, मग तार.

"आणि आधी तार केली तर?" मी विचारलं.

काकांनी दांडा भिंतीला टेकवला. "अभ्यास झाला का तुझा?" म्हणाले आणि आत गेले.

त्या वर्षी गणपतीत झांजदादा आला नाही. त्याच्या झांजा काकूंनी मला दिल्या, आणि मी त्या दहाही दिवस मोठ्या हौसेने वाजवल्या.